अंडी बंद, पिसांचा सडा: औषधाआधी टॉर्च हातात घ्या

कोंबडी अंडी द्यायची थांबते, खुराड्यात पिसांचा सडा पडतो आणि नव्या पाळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आधी धीर धरा. बहुतेक वेळा ही नेहमीची पिसगळ असते. दीडेक वर्षाची झाली की कोंबडी दरवर्षी जुनी पिसं टाकून नवी धरते. दिवस लहान होऊ लागले की याला सुरुवात होते. पिसात जवळजवळ 85 टक्के प्रथिनंच असतात, म्हणून खाल्लेलं सगळं तिकडे लागतं आणि अंडी थांबतात. दोन-तीन महिने सहज जातात, काहींना त्याहून जास्त. त्यात अंड्यांसाठी रोज 14 ते 16 तास उजेड लागतो, तोही त्या दिवसांत कमी झालेला असतो.

खरी पिसगळ डोकं आणि मानेपासून सुरू होते, मग छाती, अंग, पंख आणि शेवटी शेपूट. गळलेल्या जागी टोकदार कोंब दिसतात. त्यांत रक्त असतं, हात लागला तरी दुखतं. तेव्हा या काळात कोंबडीला उगाच उचलू नका.

आता मी जिथे अडकले ते सविस्तर सांगते, कारण तिथे नवे लोक हमखास अडकतात. कोंबडीचं वय बरोबर, मोसम बरोबर, पिसं गळतायत, अंडी बंद. एका अनुभवी माणसाने लांबूनच पाहून सांगितलं, ‘पिसं टाकतेय, थांबा.’ मी थांबले. तुरा फिका पडला, तर तेही पटलं, कारण पिसगळीत तुरा थोडा आकसतो आणि उतरतोच. पण कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला कांकू करू लागल्या. ते मात्र पिसगळीत बसत नाही.

कारण होतं लाल माइट. ही बारीक कीड दिवसा कोंबडीच्या अंगावर राहतच नाही. ती बसायच्या दांड्याच्या टोकाला, फळ्यांच्या सांध्यात, भेगांत दडून बसते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. त्यामुळे भर उन्हात कोंबडी कितीही उलटीपालटी करून पाहिली तरी अंग स्वच्छच दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा. पांढरा कागद किंवा फडकं दांड्याच्या खालच्या बाजूने घासा. लालसर रेघा उमटल्या तर ते तुमच्या कोंबडीचं रक्त आहे. सांध्यांत राखेसारखी करडी भुकटी दिसली तरी तीच खूण समजा.

मग नुसत्या कोंबडीवर औषध टाकून भागत नाही. दांडे काढा, भेगा खरवडा, कचरा जाळा, पशुवैद्यकाने सांगितलेलं औषध खुराड्याला मारा आणि आठवड्याने पुन्हा मारा. उबदार हवेत या किडीची नवी पिढी साधारण आठवड्यात तयार होते. खुराडं रिकामं ठेवून ती मरेल ही आशाही सोडा, रक्ताशिवाय ती महिनोन्महिने तग धरते. औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

माझं ठाम मत आहे: कोंबडी हातात न घेता, खुराडं न तपासता निदान करणाऱ्याचं ऐकू नका, मग त्याचा अनुभव कितीही असो. आणि पिसं गळाली म्हणून पाण्यात अँटिबायोटिक मिसळणं तर चूकच. पिसगळीवर ते काही करत नाही.

बाकीची कारणं जागेवरून ओळखू येतात. फक्त पाठ उघडी पडली असेल तर कोंबडा चढून पिसं घासली गेलीत. पिसांचे दांडे अर्धवट तुटलेले असतील तर एकमेकींना टोचणं चालू आहे, म्हणजे दाटी झाली आहे किंवा खाद्यात प्रथिनं कमी पडतायत. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी स्वतःच्या पोटाची पिसं उपटते आणि अंडी घालायच्या पेटीतून हलत नाही. शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढरे गुच्छ दिसले तर त्या उवांच्या लिखा.

पिसगळ नक्की झाली की एरवीच्या 16 टक्के प्रथिनांऐवजी 18 ते 20 टक्क्यांचं खाद्य द्या. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या अंडी देतायत त्या आपापला खातील. दिवे लावून लवकर अंडी काढायच्या मागे लागू नका, तिला हा आराम हवा असतो. मात्र कोंबडी मान टाकून बसली, धापा टाकू लागली, हिरवट पातळ शीट करू लागली किंवा खाणं सोडलं, तर तिला वेगळी ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.

पिसं भरली, तुरा पुन्हा लाल झाला की शेपटीखालच्या दोन हाडांच्या टोकांमध्ये बोटं ठेवून पाहा. जेमतेम एकच बोट मावत असेल तर अजून वेळ आहे. दोन-तीन सहज मावत असतील आणि तरी पेटी रिकामीच असेल, तर झुडपांखाली आणि अडगळीत शोधा. ती अंडी लपवून घालत असणार.