धरमपेठेतलं जुनं घर बिल्डरला द्यायचंय? आधी हे गणित मांडा

माझ्या काकांनी नागपूरच्या धरमपेठेतल्या घराला फुटाला ८,००० मागितले, तीन बिल्डर येऊन बघून गेले, परत कोणाचा फोन नाही. काका म्हणे बाजूच्या गल्लीत हाच भाव मिळाला. पण प्लॉटचा भाव काढायचा तर त्यावर बांधलेले फ्लॅट कितीला जातील तिथून उलटं मोजत यावं लागतं. एका रात्री जेवणं झाल्यावर लग्नपत्रिकेच्या मागे आम्ही ते मांडलं, तसंच सांगतो, आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा प्लॉट ४,००० फूट. जिना, लिफ्ट, खालचं पार्किंग धरून बांधकाम १०,००० फूट, त्यातून विकायला कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, निघते ६,०००. कार्पेटला ११,००० भाव धरला तर विक्री ६ कोटी ६० लाख. आता वजा करत चला: बांधकाम फुटाला २,४०० नी २ कोटी ४० लाख, मंजुरी, प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम), टीडीआर (दुसऱ्याकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क), आर्किटेक्ट मिळून ५० लाख, व्याज-दलाली ४० लाख, बिल्डरचा नफा विक्रीच्या २० टक्के म्हणजे १ कोटी ३२ लाख. उरले १ कोटी ९८ लाख, म्हणजे प्लॉटला फुटाला ४,९५०. आणि खाली काळी माती खोल निघाली तर पायाचा खर्च अजून वाढतो, म्हणून माती आधी तपासून घ्या.

काकांना हवे होते ३ कोटी २० लाख. तेवढे द्यायचे तर कार्पेटचा भाव साडेतेरा हजारावर जातो, ९०० फुटाचा टू बीएचके ९९ लाखाचा जवळपास १ कोटी २२ लाखाला पडतो. वरून चालू बांधकामावर ५ टक्के जीएसटी, कारण १ टक्केवाली सवलत ४५ लाखापर्यंतच्या घरालाच आहे. मुंबईत माणूस अडलेला असतो म्हणून देतो, इथं नागपुरात गिऱ्हाईक गाडी काढतं अन् कडेचं, स्वस्तातलं बेसा नाहीतर मनीषनगर बघून येतं, तिथून सीताबर्डी, म्हणजे शहराचा मधला बाजार, काही लांब नाही. सिमेंट-सळई आपल्यासाठी काही स्वस्त होत नाही, त्यामुळे शहर स्वस्त असलं की झळ जमिनीच्याच भावाला बसते. म्हणूनच धरमपेठ-रामदासपेठेत मजल्याला एकच मोठा फ्लॅट काढतात, किचन-बाथरूम कमी, पार्किंग कमी, अन् तो घेणारा भावाला अडत नाही.

कागदांचं म्हणाल तर पहिले आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, प्लॉट फ्रीहोल्ड म्हणजे पूर्ण मालकीचा आहे की नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लीजचा की नझूलचा, म्हणजे सरकारी जमिनीचा, ते बघा. दुसरं, अन् हे फार महत्त्वाचं, ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला रेरा (बिल्डरवर वचक ठेवणारा कायदा) नोंदणी सक्तीची नाही. आपला ४,००० फुटाचा प्लॉट ३७२ चौरस मीटरच होतो. मग मुदत, उशीर झाला तर दंड, बांधकाम होईस्तोवरचं घरभाडं, बँक गॅरंटी, हे सगळं करारातच लिहून घ्यावं लागतं, अन् करार रजिस्टर्डच करा.

रोख नको असेल तर हिस्सा मागा. १ कोटी ९८ लाख म्हणजे ११,००० च्या भावानं बरोबर १,८०० फूट, दोन टू बीएचके. काका आता तेच मागून राहिले, एक राहायला, एक भाड्यानं द्यायला.