नव्या फोनवर निम्मे नंबर आलेच नाहीत? मला सापडलेला उपाय

आईचा जुना अँड्रॉइड फोन बदलला. फोटो आले, ॲप्स आली, पण दूधवाला, गॅसवाला, नाशिकची मावशी यांचे नंबर गायब. सिंक (खात्यातली माहिती आपोआप फोनवर येणं) बंद-चालू केलं, दोन्ही फोन रीस्टार्ट केले, खातं काढून पुन्हा जोडलं. काही फरक नाही. डोकं पार उठलं.

ते नंबर गूगल खात्यात नव्हतेच, फक्त 'डिव्हाइस'वर, म्हणजे जुन्या फोनच्याच मेमरीत सेव्ह होते. नंबर एडिटला उघडला की तो कुठे सेव्ह आहे ते दिसतं.

जुन्या फोनवर गूगलचं कॉन्टॅक्ट्स ॲप उघडा. 'ऑर्गनाइज'मध्ये 'एक्सपोर्ट टू फाइल'. कुठले नंबर असं विचारलं की 'डिव्हाइस'वर खूण करा, सिमवर नंबर असतील तर तेही आधी इम्पोर्ट करून घ्या. सगळे नंबर एकत्र असलेली व्हीसीएफ फाइल तयार होते, ती ब्लूटूथने नव्या फोनवर पाठवा. तिथे 'ऑर्गनाइज', मग 'इम्पोर्ट फ्रॉम फाइल'. आता नीट बघा: खातं विचारलं की गूगलचंच निवडा, डिव्हाइस नको, नाहीतर पुढच्या फोनला पुन्हा हेच. डबल झालेले नंबर 'मर्ज अँड फिक्स'मधून एकत्र होतात.

जुना फोन रीसेट करण्याआधी चार-पाच नंबर नावानिशी शोधून खात्री करून घ्या.