जुलैतला बिस्किटांचा डबा: टूर द फ्रान्सची अंदाज स्पर्धा कशी भरवायची

नाशिकला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. जुलैत पाऊस लागला की गिऱ्हाईक रोडावतं. नेमकं तेव्हाच, आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजत आले की तिकडे टूर द फ्रान्स या एकवीस टप्प्यांच्या सायकल शर्यतीचा त्या दिवशीचा टप्पा सुटतो आणि रात्री नऊच्या सुमारास संपतो. म्हणजे शटर ओढायच्या वेळेला शेवटचे दहा किलोमीटर. दुकानात येणाऱ्या पोरांना, काकांना या शर्यतीची गोडी लागावी म्हणून मी 2021 पासून अंदाजांची स्पर्धा घेतो. कुणाला आपल्या गल्लीत, ऑफिसात, सायकलच्या ग्रुपमध्ये घ्यायची असेल, तर माझ्या हातून काय चुकलं आणि काय जमलं ते सांगतो.

पहिल्या वर्षी मी एकच प्रश्न ठेवला होता: पिवळी जर्सी, म्हणजे सगळ्या टप्प्यांचा मिळून सगळ्यात कमी वेळ घेणाऱ्याची, कोण नेणार? चौदा चिठ्ठ्या आल्या, त्यातल्या अकरांवर तादेय पोगाचार. आठव्या टप्प्याला त्याने पिवळी जर्सी अंगावर घेतली ती थेट पॅरिसपर्यंत उतरवली नाही. आमची स्पर्धा त्या आठव्या रात्रीच संपली. नवव्या दिवशी दुकानात मी एकटाच होतो. तेव्हापासून मी एकच बघतो, शेवटच्या नंबरावर असलेल्या माणसालासुद्धा एकविसाव्या टप्प्याच्या दिवशी दुकानात यावंसं वाटलं पाहिजे. खालचे सगळे नियम त्यातूनच आलेत.

स्पर्धेचे दोन भाग करा. एक मोठी चिठ्ठी, शर्यत सुरू व्हायच्या आदल्या रात्री बिस्किटांच्या डब्यात टाकायची. आणि एक रोजची चिठ्ठी.

मोठ्या चिठ्ठीवर सगळ्या शर्यतीत पहिले तीन कोण येणार, ते क्रमाने लिहायचं. माणूस आणि जागा दोन्ही बरोबर असेल तर 30 गुण, माणूस बरोबर पण जागा चुकली तर 15. उदाहरण 2025 चं घ्या. कुणी पोगाचार, एवेनेपूल, विंगेगॉर असं लिहिलं असतं, तर पोगाचारचे 30 मिळाले असते. एवेनेपूल चौदाव्या टप्प्यात शर्यत सोडून गेला, त्याचा भोपळा. विंगेगॉर तिसरा लिहिला आणि आला दुसरा, म्हणून 15. एकूण 45. नव्या माणसाला हे एकदा फळ्यावर मांडून दाखवा, नंतर कुणी हिशेब विचारत नाही.

मग तीन जर्सी, प्रत्येकी 15 गुण. हिरवी गुणांची, म्हणजे बहुतेक वेळा स्प्रिंटरची, शेवटच्या सरळ रस्त्यावर सुसाट सुटणाऱ्याची. लाल ठिपक्यांची घाट मारणाऱ्याची. पांढरी तरुण स्वारांतल्या पहिल्याची. यातल्या हिरव्या जर्सीवर जरा थांबून बोला. 2024 ला ती इरिट्रियाच्या बिनियाम गिरमायने नेली, तीन टप्पे जिंकून. तूरिनचा टप्पा जिंकला तेव्हा टूरचा टप्पा जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी स्वार ठरला. आमच्या डब्यात त्याच्या नावाची एकही चिठ्ठी नव्हती, आणि तरी त्या रात्री टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

म्हणूनच पुढचा प्रश्न माझा सगळ्यात लाडका आहे: आजवर टूरचा एकही टप्पा न जिंकलेला एक स्वार निवडा. तो या वर्षी टप्पा जिंकला तर 20 गुण. या एका प्रश्नामुळे लोक सगळी यादी वाचतात. एरवी आठ जणांच्या संघातले सहा-सात जण दिवसभर वारा अंगावर घेतात, बाटल्या वाहतात, आणि त्यांची नावं कुणाला माहीत नसतात. 2025 ला बेन हीलीने सहाव्या टप्प्यात असा पहिला विजय मिळवला आणि दहाव्या टप्प्यानंतर चक्क पिवळी जर्सी घातली. आमच्याकडे कुरिअरची डिलिव्हरी करणाऱ्या एका पोराने त्याचं नाव लिहिलं होतं. "मी त्याला फोटो बघून निवडला, गाडीवर वाकून बसतो तो मस्त," म्हणाला. निवडायला कारण कुठलंही चालतं.

शेवटी दोन आकडे. अखेरच्या निकालात किती स्वार उरतील? सगळ्यात जवळच्याला 10 गुण. अंदाजाला आधार हवा म्हणून मागचे आकडे फळ्यावर लिहून ठेवा: 2023 ला 176 पैकी 150, 2024 ला 176 पैकी 141, 2025 ला 184 पैकी 160. "पॅरिसला किती पोचतील" असं विचारू नका. 2024 ला ऑलिंपिकमुळे शर्यत नीसला संपली होती. दुसरा आकडा म्हणजे पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर, मिनिटं आणि सेकंदांत. याला गुण नाहीत, बरोबरी झाली तरच तो बघायचा. 2023 ला 7 मिनिटं 29 सेकंद, 2024 ला 6:17, 2025 ला 4:24. आणि 1989 ला ग्रेग लेमाँडने लोराँ फिन्योंला फक्त 8 सेकंदांनी हरवलं होतं, हेही सांगा.

आता रोजची चिठ्ठी. टप्पा कोण जिंकणार, एकच नाव. पहिला आला तर 10, दुसरा 6, तिसरा 4. हे आकडे माझ्या मनचे नाहीत. टप्प्याच्या शेवटी पहिल्या तिघांना वेळेत जी सूट मिळते ती 10, 6 आणि 4 सेकंदांची असते, तीच उचलली. पण खरा नियम पुढे आहे. एक स्वार एकवीस दिवसांत एकदाच वापरायचा. 2025 ला पोगाचारने चार टप्पे जिंकले, पण तुमच्या कामाला तो एकदाच येणार. मग कधी वापरायचा? या प्रश्नावर आमच्याकडे चहाचे किती ग्लास रिकामे झालेत त्याची गणती नाही.

यासाठी फळा हवाच. एकवीस ओळी आखा आणि प्रत्येकीपुढे टप्प्याची जात लिहा: सपाट, चढउतार, घाट, किंवा घड्याळाविरुद्ध (एकेकाला वेगळं सोडून वेळ मोजायची). नवशिक्याला एवढंच कळायला हवं की सपाटीवर अंगापिंडाने भक्कम स्प्रिंटर आणि घाटात काटक माणूस. बाकीचं तो आठवडाभरात आपोआप शिकतो.

2024 चा पाचवा टप्पा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. आठवीतली एक मुलगी चेन बसवून घ्यायला आली होती, ती मग रोजच येऊ लागली. पहिल्या दिवशी रिमिनीच्या वाटेवर उन्हाने मार्क कॅव्हेंडिश या स्प्रिंटरची हालत झाली होती, ओकत ओकत तो मागे पडला होता. तिसऱ्या दिवशी तूरिनला सपाट टप्पा होता तरी तिने त्याचं नाव टाकलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी शाळेच्या दप्तरासकट आली आणि फळ्यावरच्या "सपाट" या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "दादा, आज माझा कॅव्हेंडिश."

पोस्टातून निवृत्त झालेले आमचे एक काका म्हणाले, "अगं, एकोणचाळीस वर्षांचा आहे तो. दुसरं नाव घाल."

"त्याला पस्तिसावा टप्पा जिंकायचाय ना काका? मग आज नाही तर कधी?"

सँ-व्हुलबाच्या सरळ रस्त्यावर तो घोळक्यातून डावीकडे-उजवीकडे, एकाच्या चाकामागून दुसऱ्याच्या चाकामागे जात पुढे आला आणि जिंकला. टूरमधले पस्तीस टप्पे, एडी मर्क्सच्या चौतिसांच्या विक्रमापुढे. काकांनी स्वतः उठून तिच्या नावापुढे खडूने 10 लिहिले.

वेळेच्या बाबतीत कडक राहा. एका वर्षी मी पावणेपाचला आलेली चिठ्ठी घेतली. मला वाटलं, अजून सुटले नसतील. ते सुटलेले होते, पाच जण फुटून पुढे गेले होते, आणि चिठ्ठीवर त्या पाचांतलंच एक नाव होतं. तो चौथा आला, गुण मिळाले नाहीत, तरी दोन जण महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. त्यांचं बरोबर होतं. आता रोजची मुदत दुपारी बारा. फ्रान्स तेव्हा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो, घाटाचे टप्पे लवकर सुटतात, घड्याळाविरुद्धच्या टप्प्यात पहिला स्वार बराच आधी निघतो; बारा वाजता यातलं काहीच आड येत नाही. विसरला त्याला शून्य, अपवाद नाही.

नावाबरोबर पाठीवरचा नंबर लिहायला लावा. विंगेगॉर लोक सहा प्रकारे लिहितात, ते चालतं. पण 2023 ला बिल्बाओच्या पहिल्याच टप्प्यात अ‍ॅडम येट्स पहिला आणि त्याचा जुळा भाऊ सायमन दुसरा आला, आणि माझ्या हातात नुसतं "येट्स" लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या. दहा द्यायचे की सहा?

निकाल रात्री लिहा पण पक्का दुसऱ्या दिवशी सकाळी करा. 2024 ला दिजोंमध्ये यास्पर फिलिपसेन दुसरा आला होता. स्प्रिंटमध्ये आडवा आला म्हणून पंचांनी त्याला खाली ढकललं. टप्पा रद्द झाला तर काय, तेही आधीच लिहून ठेवा. 2019 ला एकोणिसाव्या टप्प्यात गारा आणि दरड कोसळून रस्ता बंद झाला, वेळ इझराँ घाटाच्या माथ्यावरची धरली, आणि टप्प्याचा विजेता जाहीरच झाला नाही. अशा दिवशी सगळ्यांना शून्य, पण वापरलेलं नाव परत मिळणार. आणि अखेरच्या दिवशीचा निकाल लागला की आपली वही बंद. 2010 चं अल्बेर्तो काँतादोरचं विजेतेपद 2012 मध्ये काढून घेतलं गेलं. तेवढा काळ बक्षीस अडकवून ठेवता येत नाही.

दुसऱ्या विश्रांतीच्या दिवशी, म्हणजे शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर, पहिल्या तिघांसाठी पुन्हा एक चिठ्ठी घ्या, निम्म्या गुणांची. ज्याचा माणूस हाड मोडून घरी गेला, तो यामुळे परत खेळात येतो. पुढे असलेल्यांनी कुरकुर केली तरी हा नियम सोडू नका.

पैसे मात्र घेऊ नका, अगदी दहा रुपयेसुद्धा. तो जुगार होतो. माझ्याकडे पहिल्याला सायकलचं पूर्ण ओव्हरऑइलिंग फुकट, दुसऱ्याला दोन्ही चाकांचा आऊट काढून, तिसऱ्याला नवी ट्यूब. आठवड्याला सगळ्यात जास्त गुण घेणाऱ्याला भेळ.

2026 साठी फळा आखताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. 4 जुलैला बार्सिलोनातला पहिला टप्पा सांघिक, घड्याळाविरुद्धचा आहे; त्या दिवशी स्वाराऐवजी संघाचं नाव घ्या, गुण तेच. आणि एकोणिसावा, विसावा असे दोन्ही टप्पे आल्प द्युएझ या घाटाच्या माथ्यावर संपतात. तोवर चांगले चढणारे वापरून संपलेले असतील, म्हणून नव्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगा: दोन नावं बाजूला काढून चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवा.