सिकंदरावर कादंबरी लिहायची तर

जन्मापासून मृत्यूपर्यंत सगळं कोंबायला जाऊ नका. एक रात्र निवडा. मी निवडली ती इ.स.पू. ३२८ मधली, मारकंदची, म्हणजे आजच्या समरकंदची. मेजवानीत दारू चढलेली, शब्दाला शब्द लागलेला, आणि सिकंदर आपलाच सेनानी क्लीटस याला भाल्याने भोसकतो. याच क्लीटसने ३३४ मध्ये ग्रॅनिकसच्या लढाईत त्याचा जीव वाचवला होता!

आता अभ्यास. हीच रात्र प्लुटार्क, एरियन आणि कर्टियस या सिकंदराबद्दल लिहिणाऱ्या प्राचीन लेखकांकडे शेजारी शेजारी ठेवून वाचा. तिघेही तीनशेहून अधिक वर्षांनंतरचे. प्लुटार्ककडे मित्र क्लीटसला बाहेर ढकलतात, तो दुसऱ्या दाराने परत येतो आणि रागाच्या भरात मारला जातो. कर्टियसचा सिकंदर मात्र भाला घेऊन दाराशी दबा धरून बसतो. हे दोन वेगळे खून आहेत. एकच घ्या आणि शेवटपर्यंत त्याच्याशी प्रामाणिक राहा. दोन्हींची खिचडी केलीत तर पात्रच हातचं जाईल.

तारखा, नद्या, कोण कुठे होतं, यांना हात लावू नका. कल्पना चालवा ती नोंदी गप्प आहेत तिथे. क्लीटसची बहीण लानिके ही सिकंदराची दाई. तिचे मुलगे त्याच्यासाठी लढताना मेले, आणि आता भाऊ त्याच्याच हातून. खुनानंतर तो तिचं नाव घेऊन रडला, असं एरियन सांगतो. तिला ही बातमी कोणी, कशी दिली? माझ्या मते पहिलं प्रकरण तिथून सुरू करावं.