हात चालतो, पण उपयोग होतो का? फिजिओथेरपिस्टनी ठेवायची वही

मिरजेत माझं क्लिनिक सुरू होऊन 16 वर्षं झाली. नव्याने प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांना मी आधी एक दोनशे पानी वही आणायला सांगते. पहिल्या दिवशी तपासणी झाली की पेशंटबद्दलचा आपला अंदाज तारीख घालून लिहायचा. ‘फ्रोझन शोल्डर (आखडलेला खांदा), सोबत डायबेटिस, सहा आठवड्यांत स्वतःची वेणी घालता येईल.’ तीन महिन्यांनी फोन करून शेजारच्या रकान्यात खरं काय झालं ते लिहायचं. फोन टाळू नका, विशेषतः मध्येच यायचे थांबले त्यांचा.

हे मला एका आजींमुळे कळलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. सांध्याचा कोन मोजायचं गोनिओमीटर लावून मी 95 अंश मोजले, फाइलवर ‘प्रगती उत्तम’ लिहिलं आणि ट्रीटमेंट थांबवली. दोन महिन्यांनी त्या स्टँडवर दिसल्या. एसटीची पहिली पायरी चढवेना. कंडक्टर वरून हात ओढतोय, नातू खालून आधार देतोय. गुडघा वाकत होता, पण मांडीत जोर नव्हता, आणि तो मी मोजलाच नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता दोन चाचण्या सोडत नाही. हात छातीशी बांधून 30 सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं, आणि खुर्चीतून उठून 3 मीटर चालून, वळून परत बसायला किती सेकंद लागतात. फरशीवर चिकटपट्टी आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. दुसऱ्या चाचणीला वयस्कर माणसाला 12 किंवा जास्त सेकंद लागले, तर पडण्याचा धोका धरून तोल सांभाळण्याचे व्यायाम त्याच दिवशी सुरू करते.

वहीत जिथे अंदाज चुकतो, तोच आपला अभ्यासाचा विषय. रविवारी तासभर एकच प्रश्न घेऊन ‘पेड्रो’वर बसा. फिजिओथेरपीचे उपचार तपासून पाहणाऱ्या संशोधनांचा हा ऑनलाइन संग्रह 1999 पासून फुकट उघडा आहे आणि प्रयोग किती काटेकोर आहे यासाठी दहापैकी गुण दिलेले असतात. गुडघा बदलल्यावर सीपीएम मशीनने, म्हणजे पाय आपोआप वाकवत-सरळ करत राहणाऱ्या यंत्राने, फारसा फरक पडत नाही, हे वाचून मी माझं मशीन बाजूला ठेवलं. तो वेळ आता पायरी चढण्याच्या सरावाला जातो. बर्फाचंही तसंच: दुखापतीवर ‘राइस’ (विश्रांती, बर्फ, दाबपट्टी, अवयव उंच ठेवणं) हे सूत्र 1978 मध्ये देणाऱ्या डॉ. गेब मिरकिन यांनीच पुढे बर्फाबद्दलचं मत बदललं. आपण का अडून बसायचं?

वर्कशॉपला जरूर जा, पण जिथे तुमचा हात धरून चूक दाखवतात तिथेच पैसे घाला.

आणि महिन्यातून एकदा ज्युनिअरला कोपऱ्यात बसवून आपलं काम बघायला सांगा. ऐकून घेणं जड जातं. माझी ज्युनिअर म्हणाली, “मॅडम, कंबरदुखीच्या प्रत्येक पेशंटला तुम्ही ‘जपून वाका’ म्हणता.” खरंच होतं ते, आणि त्या भीतीनेच बायका वाकायच्या थांबतात. काल आलेल्या ताईंना मी विचारलं, “घरात कळशी कोण उचलतं?” आणि रिकामी कळशी त्यांच्यापुढे ठेवली.