नामावलीचे दीड मिनिट : चित्रपटाची जातकुळी आणि भाव सुरुवातीलाच कसे सांगावेत

काही वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच मित्रांनी कोल्हापुरात एक विनोदी लघुपट केला आणि त्याच्या नामावलीसाठी, म्हणजे सुरुवातीला पडद्यावर येणाऱ्या नट-तंत्रज्ञांच्या नावांसाठी, केवळ सुंदर दिसते म्हणून, पहाटेच्या पंचगंगा घाटावरचे धुके, पाण्यातले दिवे आणि लांबवर वाजणारी बासरी असे चित्रण जोडले. पहिल्या खेळाला बसलेले साठेक प्रेक्षक सुरुवातीची सात-आठ मिनिटे हसलेच नाहीत. नंतर एकाने सांगितले की कोणीतरी जाणार आहे असे वाटून तो वाट पाहत बसला होता. विनोद तेच होते, नटही चांगले होते. पण नामावलीने प्रेक्षकाला सुतकात बसवले होते आणि तिथून त्याला उठवण्यात आमचा निम्मा लघुपट खर्ची पडला. त्या फजितीनंतर जे शिकत गेलो, ते स्वतःचा लघुपट करणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

नामावली पाहताना प्रेक्षक नकळत तीन गोष्टींचा अंदाज बांधत असतो. गोष्ट कुठे घडते, ती कोणत्या जातीची आहे आणि आपण सावरून बसावे की सैलावून, या त्या तीन गोष्टी. यातली पहिली सर्वांत सोपी असल्यामुळे बहुतेक जण तिच्यावरच सगळा वेळ घालवतात. रंकाळ्यावरून उडत जाणारा ड्रोन, मग देवळाचे शिखर, मग पन्हाळ्याची तटबंदी एवढे दाखवले की कोल्हापूर आले हे कळते, पण पुढे खून होणार की लग्न हे त्यातून कळत नाही. तो ड्रोन कोणत्याही चित्रपटाला चालतो आणि म्हणूनच कोणत्याही चित्रपटाचा नसतो.

नामावलीकडे कोणी गांभीर्याने पाहत नसे, असा एक मोठा काळ होता. अमेरिकेतल्या अनेक चित्रपटगृहांत पडदा सरकवण्याआधीच नावे दाखवायला सुरुवात होत असे. १९५५ साली सॉल बास या आरेखनकाराने एका चित्रपटासाठी कापलेल्या कागदासारख्या वेड्यावाकड्या हाताची नामावली केली, तेव्हा नावांच्या आधी पडदा उघडावा अशी सूचना त्या चित्रपटाच्या डब्यांवर प्रक्षेपकासाठी मुद्दाम लावावी लागली होती. याच बासच्या पुढच्या काळातल्या दोन नामावल्या एकापाठोपाठ पाहणे हा या विषयातला उत्तम धडा आहे. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ हा १९५९ चा आणि ‘सायको’ हा १९६० चा, हे दोन्ही चित्रपट आल्फ्रेड हिचकॉकचे आहेत, दोन्हींचे संगीत बर्नार्ड हर्मनचे आहे आणि दोन्ही नामावल्यांचे मुख्य साहित्य सरळ रेषा एवढेच आहे. पहिल्या नामावलीत हिरव्या पार्श्वभूमीवर तिरप्या रेषा एकमेकींना छेदत जाळी तयार करतात, नावे त्या रेषांच्या कलाने सरकत येतात आणि हळूहळू ती जाळी म्हणजे एका उंच इमारतीची काचेची भिंत होती, हे उलगडते. डोळ्याला पळायला वाट मिळते आणि पुढे धावपळ आहे हे मनाला पटते. दुसऱ्या नामावलीत काळ्या पडद्यावर पट्ट्या आडव्या-उभ्या घुसतात, नावांचे तुकडे होतात, क्षणभर ते तुकडे जुळतात आणि पुन्हा विस्कटतात. जोडीला फक्त तंतुवाद्ये असतात. येथे डोळ्याला कुठेच ठरता येत नाही. दिग्दर्शक तोच, संगीतकार तोच, आरेखनकार तोच आणि रेषाही त्याच, तरीही एका नामावलीतून साहस उभे राहते आणि दुसरीतून भीती. यावरून माझे असे मत झाले आहे की काय दाखवले यापेक्षा ते कोणत्या वेगाने आले, कुठे थांबले आणि कशाने तुटले यातच भाव ठरतो.

कोल्हापूरकराला ही गोष्ट परकी वाटू नये. येथला चित्रपट कुंचल्यातून जन्मला आहे. बाबूराव मेस्त्री यांना ‘पेंटर’ हे नाव त्यांच्या कामामुळे पडले. ‘सैरंध्री’ (१९२०) हा चित्रपट करण्यापूर्वी ते नाटकांचे पडदे रंगवत होते आणि चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवत. १९२९ साली याच गावात सुरू झालेल्या प्रभात फिल्म कंपनीचे तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे बोधचिन्ह दिसले की एकही नाव येण्यापूर्वी प्रेक्षक सरसावून बसत असे. बोधचिन्हापासूनच नामावली सुरू होते, हे आजच्या निर्मात्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही. आज बोधचिन्हांच्या जोडीला प्रमाणपत्र, धूम्रपानाचा इशारा आणि आभारांची लांबलचक यादी येते. ती टाळता येत नसली तरी तिच्याखाली वाजणारा आवाज आपल्या हातात असतो, आणि बहुतेक ठिकाणी तो कोणी निवडलेलाच नसतो.

एकच गुऱ्हाळ, तीन चित्रपट

सरावासाठी एकच जागा घ्यावी आणि तिच्यातून तीन वेगळ्या जातींच्या नामावल्या कागदावर उतरवाव्यात. मी नवख्यांना नेहमी गुऱ्हाळ देतो, कारण दिवाळीनंतर करवीर तालुक्यात कुठल्याही रस्त्याला लागले तरी ते सापडते आणि तिथे आग, वाफ, चरक, माणसे आणि वास हे सगळे एकाच छपराखाली असते.

पहिली नामावली ‘उकळी’ नावाच्या कौटुंबिक विनोदी चित्रपटाची आहे असे समजावे. वेळ सकाळी दहाची, उजेड भरपूर. काहिलीत रस उकळतो आहे, बुडबुडा फुगतो, फुटतो आणि तो फुटताना एक नाव वर येते. हलगीच्या ठेक्यावर दृश्ये कापावीत, म्हणजे ठेक्यासरशी एकावरून दुसऱ्यावर जावे : चिपाडे सारणारा हात, वाटी घेऊन उभी असलेली पोरे, त्यांना हाकलणारा गुळव्या, पुन्हा तीच पोरे. प्रत्येक नाव ठेक्यावर बिनचूक येऊ द्यावे आणि एकच नाव, शक्यतो निर्मात्याचे, ठेका चुकवून उशिरा आणावे. हसू या चुकीतून येते, पण त्यासाठी आधीची आठ-दहा नावे काटेकोर असावी लागतात. सगळेच वेडेवाकडे असेल तर चूक दिसत नाही.

दुसरी नामावली ‘मळी’ या रहस्यपटाची. तेच गुऱ्हाळ, पण रात्र आहे आणि उजेड फक्त चुलवाणातला. कोणाचाही चेहरा दाखवू नये. हात, पाठ आणि भिंतीवरच्या सावल्या पुरतात. संगीत काढून टाकावे आणि चरकाचे कण्हणे तेवढे ठेवावे. नावे चौकटीच्या कडेला, अंधाराला लागून यावीत आणि वाचून झाल्यावरही थोडा वेळ तशीच राहावीत, कारण गरजेपेक्षा जास्त थांबलेली गोष्ट माणसाला अस्वस्थ करते. एका ठिकाणी नावासाठी जागा मोकळी सोडावी आणि तिथे नाव येऊच देऊ नये. झारा फिरतो, मळी म्हणजे उकळत्या रसावरची घाण काढून बाजूला टाकली जाते आणि त्या मळीत सदऱ्याचे एक बटण दिसते. बटणावर कॅमेरा रेंगाळू देऊ नये, असा माझा आग्रह आहे. ज्याने पाहिले त्याने शेजाऱ्याला विचारावे, इतपतच ते दिसावे.

तिसरी ‘काकवी’, एक विरहकथा. हंगाम संपलेला आहे, काहील पालथी पडली आहे, चुलवाणात राख आहे आणि छपराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप जमिनीवरून सरकते आहे. दृश्ये कापू नयेत, एकातून दुसरे विरघळू द्यावे. नावे चौकटीच्या खालच्या बाजूला, एका वेळी एकच. आवाज म्हणून परतणाऱ्या ऊसतोडीच्या बैलगाड्यांची घुंगरे घ्यावीत आणि ती नामावलीभर लांब जात राहावीत. पार्श्वसंगीतात सारंगी घालण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो टाळावा, कारण सारंगी आली की दुःख प्रेक्षकाच्या मनात उमलण्याआधीच त्याला वाढले जाते.

हे तिन्ही कागद शेजारी ठेवले की फरक कुठे पडला ते स्पष्ट दिसते. जागा एकच आहे. वेळ, उजेड, कापण्याची पद्धत, नावाची जागा आणि आवाज एवढेच बदलले आहे. आपल्या लघुपटासाठीही चित्रीकरणाला निघण्यापूर्वी या पाच बाबी एका कागदावर लिहाव्यात.

देवनागरीचे स्वतःचे नियम

इंग्रजी नामावल्या पाहून मराठी नामावली करणारा हमखास एका खड्ड्यात पडतो. रहस्यपटाच्या इंग्रजी नामावलीत अक्षरे एकमेकांपासून लांब लांब ठेवण्याची पद्धत आहे. त्या रिकाम्या जागेमुळे गारठा जाणवतो. देवनागरीत तसेच केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द गूढ दिसण्याऐवजी दात पडल्यासारखा दिसतो. मी हे स्वतः केले आहे आणि मोठ्या पडद्यावर ते पाहून मान खाली घातली आहे. गारठा हवा असेल तर अक्षरे जवळच ठेवावीत आणि शब्दाभोवती जागा सोडावी. छोटा शब्द आणि मोठा काळोख.

मात्र आपल्या लिपीत जे आहे ते रोमन लिपीला मिळत नाही. शिरोरेषा आधी एकटी येऊ शकते आणि ती क्षितिज, वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी किंवा सुरीची धार होऊ शकते. अक्षरे नंतर तिच्याखाली लोंबतात. मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार उशिरा आणता येतात. ‘मळी’चेच पाहा : आधी ‘मळ’ एवढाच शब्द दिसावा, प्रेक्षकाने तो वाचावा आणि मग वेलांटी वरून उतरून उभी राहावी. अर्थ एका काडीने बदलतो आणि रहस्यपटाला नेमके हेच हवे असते. विनोदी चित्रपटात याच वेलांटीला घसरून पडू द्यावे.

अक्षराचे वळणही बोलते. जाड-बारीक फटकाऱ्यांचे, बोरूने लिहिल्यासारखे अक्षर जुना काळ आणते. दुकानाच्या पाटीवरच्या पेंटरचे सावलीदार अक्षर पेठ आणि बाजार आणते. एकसारख्या जाडीचे अक्षर शहर आणि कचेरी आणते. सत्यजित राय स्वतः आरेखनकार होते. ‘पथेर पांचाली’ची (१९५५) नामावली हातकागदासारख्या खरबरीत पृष्ठभागावर बंगाली हस्ताक्षरात आहे आणि त्या हातामुळेच पुढची गोष्ट जवळच्या माणसाने सांगितल्यासारखी वाटते. ‘सेव्हन’ (१९९५) या चित्रपटासाठी काइल कूपर यांनीही हातानेच लिहिलेली नावे घेतली, पण ती फिल्मवर ओरखडून काढलेली होती आणि तिथे हस्ताक्षर पाहूनच अंगावर काटा येतो. तेव्हा हस्ताक्षर म्हणजे जिव्हाळा असे सरसकट धरू नये. संगणकावरचा फॉन्टच वापरायचा असेल तर ‘मुक्त’ आणि ‘बालू’ यांसारखे विनामूल्य युनिकोड फॉन्ट उपलब्ध आहेत. त्यांतला बालू गुबगुबीत असल्याने तो रहस्यपटाला लावू नये, हे सांगण्याची गरज नसावी, पण मी तो लावलेला पाहिला आहे.

संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी मजकूर टाकल्यावर ऱ्हस्व वेलांटी जागच्या जागी आहे का आणि जोडाक्षरे सुटी पडली नाहीत ना, हे प्रत्येक नावात तपासावे. मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असल्यास तो निवडावा, नाहीतर नाव चित्र म्हणून तयार करून आणावे. ज्याने फुकट काम केले त्याचे नाव तरी शुद्ध असावे.

वेळ आणि परीक्षा

दोन शब्दांचे नाव मनात सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ पडद्यावर असावे. हा वेळ साधारण अडीच ते तीन सेकंदांचा होतो, म्हणजे सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेमच्या) हिशेबाने ६० ते ७२ चौकटी. दीड मिनिटाच्या नामावलीत २१६० चौकटी असतात. त्यांत तीसहून अधिक नावे एकेकटी बसत नाहीत आणि बसवली तर चित्राला श्वास राहत नाही. वीस मिनिटांच्या लघुपटाला तर दीड मिनिटही जास्त होते. प्रमुख पाच-सहा नावे सुरुवातीला घ्यावीत आणि बाकीची शेवटी. काकांचे नाव पहिल्यांदा हवे असा हट्ट घरून होतोच. तो मान्य करून टाकावा, पण त्यासाठी चाल बदलू नये.

तयार झालेली नामावली आधी आवाज बंद करून पाहावी आणि मग डोळे मिटून ऐकावी. दोन्ही वेळा जात ओळखता आली तर दोन्ही बाजू काम करत आहेत. एकच बाजू ओझे वाहत असेल तर दुसरी बदलावी. त्यानंतर पटकथा न वाचलेल्या दोघा-तिघांना ती दाखवावी आणि ‘कशी वाटली’ असे मुळीच विचारू नये, कारण आपल्याकडे त्याचे उत्तर ‘एक नंबर’ हेच येते. ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारावे. घाटावरच्या धुक्याची ती नामावली मी जर आधी कोणाला दाखवून हा प्रश्न केला असता, तर उत्तर पहिल्याच माणसाकडून मिळाले असते.

शेवटचा जोड नामावली आणि पहिले दृश्य यांमधला. शेवटचे नाव विझल्यापासून पहिले वाक्य येईपर्यंतचा अवकाश मोजावा. आमच्या त्या लघुपटाची नामावली नंतर पुन्हा केली, तेव्हा घाटाऐवजी मिसळीच्या गाड्यावरचा कट उकळताना घेतला, दिग्दर्शकाचे नाव तर्रीवर तरंगत ठेवले आणि ते विझण्याआधीच कोणीतरी ‘पाव संपले’ असे ओरडते, हे वाक्य नावावर चढवले. पुढच्या खेळाला पहिले हसू तिथेच आले.