एक चॅनल गेलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर: नवे ट्रान्झिस्टर बसवण्याआधी

मल्टिमीटर चालवता येतो, सोल्डरिंग नीट जमतं आणि एनपीएन-पीएनपी ओळखता येतात, असं धरून लिहिते. तुमच्यासमोर ऐंशीच्या दशकातला देशी बनावटीचा स्टीरिओ पॉवर अ‍ॅम्प आहे. मागे जाड हीटसिंक, त्यावर २एन३०५५ चे चार मेटल ट्रान्झिस्टर, आणि उजवा चॅनल बंद. दुरुस्ती शिकायला याहून चांगलं मशीन मिळणार नाही. डावा चॅनल वाजतोय, म्हणजे सर्किट डायग्राम नसला तरी उत्तरपत्रिका त्याच डब्यात आहे.

आधी त्या चॅनलचा फ्यूज बघा. शाबूत असेल तर मशीन बंद करून इनपुटच्या डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल करा. मुका चॅनल बाजू बदलतो का? बदलला तर दोष प्रीअ‍ॅम्पमध्ये किंवा वायरीत आहे, पॉवर अ‍ॅम्प उघडूच नका. बाजू तीच राहिली तर स्पीकर सिलेक्टरचे कॉन्टॅक्ट साफ करून बघा, कित्येकदा काम तिथेच संपतं. फ्यूज उडालेला असेल तर मात्र पुन्हा पॉवर देऊ नका. फ्यूजला तांब्याची तार गुंडाळून ‘बघू तरी’ म्हणणाऱ्यांच्या जवळपास शिकायला बसू नका. फ्यूजमुळे वाचलेला ट्रान्सफॉर्मर ती तार जाळते, आणि जुना ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून घेणं खिशाला परवडत नाही.

प्लग काढा. मेन फिल्टर कपॅसिटर १०० ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने डिस्चार्ज करा आणि मीटरवर शून्याजवळ आल्याचं बघा. स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी काढू नका.

आता आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे हीटसिंकवरचे २एन३०५५, मोजा. कलेक्टर-एमिटरमध्ये दोन्ही दिशांनी बीप आला की शॉर्ट. इथे बहुतेकांना वाटतं, आजार सापडला. दुकानातून जोडी आणायची, मायका (वीज अडवणारी पातळ चकती) आणि उष्णता नेणारी पेस्ट लावून बसवायची, स्विच टाकायचा. मीही तेच केलं आणि नवी जोडी एका संध्याकाळी गेली. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

जळालेला ट्रान्झिस्टर हा परिणाम असतो. तो का जळाला, हे कळेपर्यंत नवा बसवायचा नाही. ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर) आणि एमिटर रेझिस्टर तर तपासाच, पण बहुतेक जण ज्याच्याकडे बघत नाहीत तो पार्ट म्हणजे बायसचा, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुटमधून वाहणारा थोडा करंट ठरवणारा, छोटा कार्बन प्रिसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर). दोन ड्रायव्हरच्या बेसमध्ये ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा एक छोटा ट्रान्झिस्टर असतो, आणि ते किती हे प्रिसेट ठरवतो. इतक्या वर्षांत त्याच्या ट्रॅकवर धूळ आणि काजळी बसते, मधला सरकता पाय अधूनमधून संपर्क सोडतो. बऱ्याच जुन्या बोर्डांवर तो पाय थेट बायस ट्रान्झिस्टरच्या बेसला जातो. संपर्क तुटला की बायस ट्रान्झिस्टर बंद पडतो, दोन बेसमधलं व्होल्टेज वर जातं आणि आउटपुटची जोडी एकदम पूर्ण ऑन होते. सप्लायचा करंट वरून खाली सरळ त्यांच्यातूनच वाहतो. काही बोर्डांवर डायोडच्या माळेला सिरीजमध्ये प्रिसेट असतो. तिथेही तो ओपन झाला की हेच घडतं.

तपासणी सोपी आहे. प्रिसेटचा एक पाय सुटा करा, मीटर ओहमवर ठेवून हळूहळू फिरवा. आकडा सरकत जायला हवा. मध्येच उडी मारून ओपन दाखवला, तर गुन्हेगार सापडला. एरवीही जुना प्रिसेट ठेवू नका, बंद डबीचा मल्टिटर्न लावा. शक्य असेल तर व्हेरिएबल भाग बायस ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटर बाजूला घ्या, म्हणजे तो ओपन झाला तरी बायस कमीच होईल. आणि तो ट्रान्झिस्टर किंवा डायोड हीटसिंकला चिकटलेला आहे ना, बघा. तापमान एका अंशाने वाढलं की बेस-एमिटर व्होल्टेज साधारण २ मिलीव्होल्टने उतरतं. हा तापमान ओळखणारा सेन्सर सुटलेला असेल तर बायस कमी करणारं कोणीच उरत नाही, आणि आउटपुट तापत-तापत जळतात.

हे वाचून घाबरू नका. बोर्डावर चाळीस-पन्नास पार्ट असतात आणि प्रत्येकाचा जोडीदार शेजारच्या चॅनलवर आहे. पार्ट बाय पार्ट तुलना करत गेलात तर कुठेतरी आकडा वेगळा येतोच.

पहिल्यांदा पॉवर देताना मेन लाइनमध्ये ६० वॉटचा फिलामेंट बल्ब सिरीज लावा, स्पीकर जोडू नका. एलईडी बल्ब चालणार नाही; गरम फिलामेंटचा रेझिस्टन्स वाढतो, त्यामुळेच करंट अडतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, कपॅसिटर भरले. तसाच लख्ख राहिला तर लगेच बंद करा. प्रिसेट आधीच किमान बायसवर ठेवा. दिशा बोर्डागणिक वेगळी असते, ओहम मोजून ठरवा.

सगळं शांत असेल तर आउटपुट मोजा. ड्युअल सप्लाय (प्लस आणि मायनस दोन्ही व्होल्टेज) असेल तर शून्यापासून ५० मिलीव्होल्टच्या आत हवं. आउटपुटला मोठा कपॅसिटर असलेल्या सिंगल सप्लाय सर्किटमध्ये मध्यबिंदूवर सप्लायचे निम्मे व्होल्ट दिसायला हवेत. मग बल्ब काढा आणि एमिटर रेझिस्टरवरचं व्होल्टेज चालू चॅनलइतकं आणा. ०.३३ ओहमवर १० मिलीव्होल्ट म्हणजे सुमारे ३० मिलीअँपिअर. या वेळी माझा हात आजही थरथरतो. तुमचाही थरथरू दे, पण प्रोब घसरू देऊ नका.

पार्ट कुठून घ्यायचे? मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली, दोन्हीकडे २एन३०५५ मिळतात, पण नकली फार. फारच स्वस्त, वजनाला हलके, अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने अक्षरं पुसली जाणारे घेऊ नका. शंका असेल तर एकाचं झाकण कानशीने कापून आतली चिप बघा. करंट पेलणारी चिप मोठी असते, नकलीत ठिपक्याएवढी असते.

‘आधी सगळे कपॅसिटर बदल’ असं सांगणारे गुरू आणि व्हिडिओ खूप आहेत. मला हा सल्ला पटत नाही. एकाच वेळी वीस पार्ट बदलले की जुना दोष आणि तुम्ही घातलेला नवा दोष वेगळे करता येत नाहीत. गुरू असा शोधा, जो पार्टचं नाव सांगण्याआधी विचारतो, ‘व्होल्टेज किती आलं?’

शेवटी स्वस्त स्पीकर लावा, गाणी चालू ठेवा आणि तासाभराने गाणं थांबवून दोन्ही चॅनलचा बायस पुन्हा मोजा. उजव्या बाजूचा आकडा वर चढत असेल, तर हीटसिंकवरचा सेन्सर परत बघा.